सासूबाई तिसऱ्या रांगेत

विश्रांतवाडीतल्या एका कॅफेत, स्वतः लिहिलेले विनोद माइकवर सांगायचा कार्यक्रम होता. माझी पहिलीच वेळ. माझ्या आधी ज्यांचा नंबर होता, त्या बाई शेजारी बसल्या होत्या. पन्नाशीच्या, मांडीवर हेल्मेट. त्याची काच त्या सारखी वर-खाली करत होत्या.

"पाठ झालंय ना?" मी विचारलं.

"झालंय हो. पण सासूबाई तिसऱ्या रांगेत आहेत." काळा चष्मा लावलेल्या एक आजी ताठ बसल्या होत्या. "डोळे तपासून आणले, घरी सोडायला वेळच मिळाला नाही. आणि माझे सगळे विनोद त्यांच्यावरच."

"मग आईवर आहेत म्हणून सांगा."

"आईवर? ती बिचारी सरळ आहे. कोण हसणार?"

त्यांचं नाव पुकारलं, पण भीतीने ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही. हेल्मेट माझ्याकडे देऊन त्या गेल्या. माइक खाली ओढून त्यांनी एकदा तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "भाजीत मीठ कमी आहे, असं माझी आई कधीच म्हणत नाही. मिठाची बरणी आणून नुसती माझ्यासमोर ठेवते."

दोघं-तिघं हसले. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "बरणी नाही गं, डबा. स्टीलचा!"

सगळा कॅफे हसत सुटला. बाईसुद्धा.

पुढचं नाव माझं होतं. माझे सगळे विनोद बाबांवर होते, आणि घरी मी सांगितलंच नव्हतं. चूक काढायला तिसऱ्या रांगेत माझं कुणी नव्हतं.