पल्लवीचं वय

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलणं जमतंय — जमेल, असं वाटतंय.

अमरावतीत माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, बारसं, साखरपुडे. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी पल्लवी सुट्टीत तेल्हाऱ्याहून माझ्याकडे यायची. पंधराव्या वर्षीच ती माझ्याहून वीतभर उंच होती. एका दुपारी तिला सहज पडद्यापुढे उभं केलं, कॅमेऱ्यातून पाहिलं, आणि — कसं सांगू? घरी माझ्यासमोर बसून वाटाणे सोलणाऱ्या पोरीचा तोच चेहरा, पण त्याचं वयच कळेना. काठपदराची साडी नेसली की कॉलेजात शिकवणारी मॅडम. वेणी घातली की सहावीतली पोर. हे कसं होतं? मला त्या चेह‍ऱ्याचं फार कुतूहल वाटायला लागलं.

तेव्हा पुण्याच्या एका एजन्सीला साड्यांच्या जाहिरातींसाठी नवे चेहरे हवे होते. अट — अठरा पूर्ण. फॉर्म मोबाइलवरच भरायचा होता. पल्लवी शेजारी बसली होती.

"मावशी, मले तं पंधरावं सुरू आहे."

"पाहू तं काय होते," मी म्हटलं, आणि जन्मसाल मागं सरकवलं.

लोभ होता का? नाव व्हावं असं वाटलं? थोडंफार असेल. पण त्याहून जास्त, मला पाहायचं होतं — कुणाला कळतं का.

कुणाला कळलं नाही. कागदपत्रं मागाहून द्या, म्हणाले. बहिणीला आणि भाऊजींना मी अटीबद्दल काही बोललेच नव्हते. दोन-तीन महिन्यांत पल्लवीचा भला मोठा फोटो अकोल्याच्या चौकात लागला. मग मोबाइलवर वाद पेटला. ही तर शाळकरी पोर आहे, हिला कामाला कुणी लावलं, असं एक जण लिही. दुसरा लिही, सज्ञान मुलगी आहे, तिचं तिला ठरवू द्या. मी ते सगळं चवीनं वाचायची. एकाच फोटोत कुणाला चौदा दिसत, कुणाला बावीस. पोर मात्र शाळा बुडवून पुण्याच्या गाडीत झोपत होती — ते मला दिसत नव्हतं का? दिसत होतं.

शेवटी एजन्सीनं शाळेचा दाखला मागितला. चौकातला फोटो उतरवला. एजन्सीनं हात झटकले, मुलीनंच आम्हाला फसवलं म्हणून सांगितलं. भाऊजी तडक माझ्या घरी आले.

"फारम कोनं भरला?"

आणि मी म्हणाले, "तिनंच. मी तं फकस्त फोटो काढले."

पल्लवी तेव्हा माझ्याकडेच होती, स्वयंपाकघराच्या दारात उभी. माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो बाबा. मीच भरला."

का म्हणाली असं? मला वाचवायला? की मोठ्या माणसापुढे आपलं कोण ऐकणार, हे तिला तेव्हाच उमगलं? सात वर्षं मी स्वतःशीच हे प्रश्न घोळवतेय. तिला मात्र एकदाही विचारलेलं नाही.

आता ती अकोल्यात नर्स आहे. मागच्या महिन्यात बार्शीटाकळीचं एक स्थळ आलं, तेव्हा मीही तेल्हाऱ्याला बहिणीकडे गेले होते. पाहुणे गेल्यावर पल्लवी म्हणाली, या मुलाचं आधीच लग्न झालेलं आहे, बायकोला घेऊन तो आमच्या दवाखान्यात आला होता. भाऊजी हसले.

"हिचं काय आयकता? हे पोरगी सोताचं वयही खरं सांगत नाही."

घरातले बाकीचेही हसले. पुढं आठवड्याभरात दुसऱ्या कुणाकडून तेच कळलं आणि स्थळ मोडलं. तुझं खरं होतं, असं काही भाऊजी तिला म्हणाले नाहीत.

पण त्या दिवशी, ते हसत होते तेव्हा, ती खरं बोलतेय हे मला ठाऊक होतं. ही पोर स्वतःसाठी खोटं बोलत नाही, हे त्या घरात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी पोह्यांची बशी हातात धरून बसून राहिले.