सिझरच्या टाक्यांत रुजलेलं

"ठोके आहेत ना?" मी विचारलं. "आहेत," सोनोग्राफी करणाऱ्या बाई म्हणाल्या, आणि मी वेड्यासारखी हसले. मग त्या म्हणाल्या, "पण जागा चुकलीय."

गर्भ पिशवीत वर रुजायचा, तो चार वर्षांपूर्वीच्या सिझरच्या टाक्यांत जाऊन रुजला होता. नळीत गर्भ राहतो हे ऐकलेलं. टाक्यांत? मी शाळेत शिकवते, लोकांना शहाणपण सांगत फिरते, आणि असं काही असतं याचा मला पत्ताच नव्हता.

आठ दिवस थोडे थोडे लाल डाग दिसत होते. पण आमच्याकडे तिसरा महिना लागेपर्यंत तोंडातून ब्र काढायचा नाही, दृष्ट लागते. म्हणून मी नवऱ्यालाही ते सांगितलं नाही. पिंप्राळ्याहून नशिराबादच्या शाळेत रोज स्कूटरवर, खड्डे खात जात राहिले. स्वतःच्या मूर्खपणाचा अजून संताप येतो.

माझं माहेर धुळ्याचं, सिझरही तिथलंच. दुर्बिणीनं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरबाई तिथे होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी, नवरा आणि सासूबाई त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी कागदावर पिशवीचं चित्र काढलं. टाक्यांची जागा पातळ झालीय, गर्भ वाढला तर तिथेच फाटेल, रक्त थांबणार नाही, जीव जाईल. नुसतं आतून ओढून काढणं माझ्या बाबतीत धोक्याचं होतं, कारण बाहेरची भिंत फार पातळ होती. म्हणून दुर्बिणीनं तो भाग कापून गर्भ काढायचा आणि जागा नव्यानं शिवायची. रक्त आवरलंच नाही तर शेवटी पिशवी काढायची.

ठोके असलेलं बाळ काढायचं, एवढंच माझ्या डोक्यात घणघणत होतं. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "काढी टाक ना पिशवी. बठ्ठी कटकट मिटी जाई."

दाढ काढावी तसं बोलल्या. आमच्या गल्लीत पिशवी राहिलेल्या बाया शोधाव्या लागतील. पाळी जास्त गेली, काढ पिशवी. पोट दुखलं, काढ पिशवी. मी एकतीस वर्षांची आहे, एक मुलगी आहे, मला अजून एक हवं होतं. मी उठून रक्त तपासायला गेले.

परत आले तर नर्सच्या हातात संमतीचा कागद. त्यावर लिहिलेलं, गर्भपिशवी काढणे. खाली नवऱ्याची सही. ज्या माणसाला चहात साखर किती घालू हे रोज मला विचारावं लागतं, त्यानं माझी पिशवी परस्पर देऊन टाकली होती.

"आई म्हटली..." तो म्हणाला.

"पिशवी आईची आहे का?" मी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं विचारलं.

डॉक्टरबाई आल्या. "पेशंट शुद्धीवर आहे, सही तिची," म्हणाल्या, आणि दुसरा कागद मागवला. आधी शिवायचं, रक्त थांबलंच नाही, तरच काढायचं. सही मी केली.

शुद्ध आल्यावर मी नर्सला एवढंच विचारलं, "आहे का?" "आहे," ती म्हणाली. मग जे गेलं त्याच्यासाठी मी पोटभर रडले. टाके दुखत होते तरी रडले.

संध्याकाळी सासूबाई पेज घेऊन आल्या. भांडायची माझी पूर्ण तयारी होती. त्यांनी दोन चमचे भरवले, पदरानं माझी हनुवटी पुसली आणि विचारलं, "डॉक्टरीननी तुले इचारं ना?"

"हो."

त्यांनी उरलेल्या पेजेत चमचा फिरवला.

"मी सव्वीस वर्सनी व्हती," त्या म्हणाल्या. "माले कोनी इचारं नही."