लीलाधर आबांची झिजलेली अक्षरं

अमळनेरच्या लीलाधर आबांनी छापखान्यात चाळीस वर्षं कुस्त्या, जत्रा आणि हरवलेल्या म्हशी यांची पोस्टरं छापली. मथळ्यासाठी त्यांच्याकडे वीतभर उंचीची लाकडी अक्षरं होती. आता ती पार झिजली होती. 'म'चा खांदा उंदराने कुरतडला होता, 'श' घाईत फरशीवर पडून चिरला होता. शाई कितीही लावा, छापलेलं अक्षर देवीचे व्रण उठलेल्या चेहऱ्यासारखं दिसायचं. आबांना त्याची फार लाज वाटे.

एका सोमवारी पुण्याहून मयुरी नावाच्या मुलीचा फोन आला. ती संगणकासाठी अक्षरं बनवत असे. "आबा, तुमच्या अक्षरांचे ठसे घ्यायला गुरुवारी येते."

पुण्याची मुलगी येणार आणि अक्षरं ही अशी! आबांनी मंगळवारी खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून चिरा बुजवायची लांबी केली आणि प्रत्येक चीर, प्रत्येक खड्डा अंगठ्याने दाबून बुजवला. बुधवारी रात्रीपर्यंत सगळी वर्णमाला गुळगुळीत झाली. त्या नटवलेल्या अक्षरांकडे पाहून बायको बेबाबाई म्हणाली, "लगीनले निंघनात का हाई बठ्ठा?"

गुरुवारी मयुरी आली. तिने एक अक्षर उचललं, दुसरं उचललं, आणि स्टुलावर बसली.

"आबा, झिजलेली अक्षरं कुठे आहेत?"

"एकही शिल्लक ठेवलं नाही," आबा अभिमानाने म्हणाले.

"मला तीच हवी होती. लोकांना आता तशीच आवडतात."

"फुटकी?"

"फुटकीच."

आबांनी तिचा चेहरा निरखून पाहिला. मुलगी थट्टा करत नव्हती. नशिबाने लांबी अजून ओली होती. मग बेबाबाईसह तिघं जमिनीवर बसली आणि सेफ्टी पिनांनी ती उकरू लागली. आबांना एकूण एक चीर पाठ होती. "इथे आणखी खोल. उंदीर बराच वेळ बसला होता."

शेवटी 'ज्ञ' उरला. तो कोरा करकरीत होता.

"यालाही थोडं घासू या का?" मयुरीने विचारलं.

"नाही," आबा म्हणाले. "कुस्तीच्या पोस्टरात 'ज्ञ' कधी लागलाच नाही. न केलेल्या कामाची झीज मी त्याला देणार नाही."

मयुरीने तो तसाच घेतला. संध्याकाळपर्यंत सगळे ठसे कागदावर उतरले.

चार महिन्यांनी तिचा फोन आला. अक्षरं तयार झाली होती, नाव ठेवायचं होतं. 'अमळनेर' ठेवू का, असं ती विचारत होती. बेबाबाईने फोन हातातून घेतला. "पोरी, निम्मी लांबी मी उकरेल शे. मन्हं नाव ठेव."

मयुरीला ते फारच आवडलं. आठवड्याने तिने मोबाईलवर नमुना पाठवला. वर मोठ्या, खडबडीत अक्षरांत नाव आणि अक्षरांचा प्रकार लिहिला होता, 'बेबा : ठळक, जीर्ण'.

बेबाबाईने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. "मी जीर्ण शे का?"

दोन दिवस आबांना चहा मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच मयुरीला फोन लावला आणि हळू आवाजात सगळी परिस्थिती सांगितली. ती इतकी हसली, की आबांना फोन कानापासून लांब धरावा लागला. संध्याकाळी नवा नमुना आला, 'बेबा ठळक'.

"ठळक म्हणजे?" बेबाबाईने विचारलं.

आबांनी शब्द जपून निवडले. "चारचौघांत उठून दिसणारी."

तिने नमुना पुन्हा एकदा वाचला. मग उठून चहाचं आधण ठेवत म्हणाली, "ते नाव ऱ्हाऊ दे."