पाठमोरा माणूस

आमची दिविना आब्रेनिका भित्री आहे, हे सगळ्या कालाम्बा शहराला माहीत आहे. पाल दिसली तरी खुर्चीवर चढते. पण त्या एका माणसाला ती जशी घाबरली, तसं घाबरलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

आमच्या ऑफिसात नोकरीसाठी आलेल्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या होतात. कारखान्याचे कामगार, दुकानातल्या मुली, सिक्युरिटी गार्ड, सगळे आधी आमच्याकडे. मी दाराशी बसून नावं घेते, दिविना आत पेपर देते आणि तपासते. चार वर्षं मानसशास्त्र शिकून, सरकारी परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झाली, तेव्हा कुठे तिला चाचण्या घ्यायचा परवाना मिळाला. निकालाचा अर्थ लावून मत द्यायचं काम मात्र डॉक्टर सालोंगा मॅडमचं. त्याला पुढची पदवी लागते. त्या पदवीसाठी दिविना शनिवारी औद्योगिक मानसशास्त्राच्या वर्गाला जाते, आणि प्रबंधाचं नाव काढलं की विषय बदलते. डॉक्टर मॅडम गुरुवारी येतात, गठ्ठ्यावर सह्या करतात आणि निघतात. त्यामुळे कोपऱ्यात दिविना पेन्सिलीनं जे दोन शब्द लिहील, तेच मत व्हायचं. सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं.

शेवटची चाचणी चित्राची. कोरा कागद द्यायचा आणि सांगायचं, एक माणूस काढा. शेजारच्या खानावळीची बाई तांदळाच्या पेजेबरोबर फुकटात शिकवणीही देते. "तोंड हसरं काढ रे, बोटं पाचच्या पाच, पायाखाली जमीन. आणि कमरेचा पट्टा विसरू नकोस!" त्यामुळे आमच्याकडे वर्षानुवर्षं तोच एक हसरा, पट्टेवाला माणूस येतोय.

नेस्तोर कातिग्बाकनं बहुतेक तिथे पेज खाल्ली नव्हती. गार्डच्या नोकरीसाठी आलेला, पन्नाशी उलटलेला माणूस. त्यानं काढला पाठमोरा माणूस. तोंड नाही, हात पुढे कुठेतरी दडलेले.

"लिगाया, हे बघ," दिविनाचा आवाज चिरकला. "याला चेहराच नाही."

"मान अवघडली असेल बिचाऱ्याची."

"चेष्टा नको गं! तोंड लपवणारा माणूस आत काहीतरी दाबून असतो, असं शिकवलंय आम्हाला. आणि याच्या हातात बंदूक देणार!"

घाबरून दिविनानं कोपरा कोराच ठेवला, पण बाकी चाचण्यांत नेस्तोरला चांगले गुण होते. डॉक्टर मॅडमनी तेवढे बघितले आणि सही ठोकली. आणि नशीब कसं बघा, त्याची नेमणूक झाली ती आमच्याच इमारतीच्या फाटकावर.

त्याच सुमाराला रेडिओवर बातमी आली. दुसऱ्या कुठल्या तरी गावात एका गार्डनं आपल्याच वरिष्ठावर गोळी झाडली होती, आणि त्याची चाचणी घेणाऱ्या बाईला पोलिसांनी बोलावलं होतं. झालं, दिविनाची झोप उडाली. नेस्तोर लांबून "गुड मॉर्निंग, मॅम" म्हणाला की ही पाठ फिरवून गल्लीत शिरायची आणि खानावळीच्या स्वयंपाकघरातून मागच्या दारानं ऑफिसात यायची. मी आधी हसायचे. पण भीती खोकल्यासारखी असते, शेजारी बसणाऱ्याला लागते. पुढे पुढे त्याच्या बंदुकीकडे माझीही नजर जायला लागली.

इमारतीच्या मालकाच्या कानावर हे गेलंच. नेस्तोरच्या नेमणुकीची मुदत संपत आली होती. मालकानं निरोप धाडला, गार्डची पुन्हा चाचणी घ्या, आब्रेनिका मॅडम नको म्हणाल्या तर लगेच काढून टाकतो.

दिविनानं मला सोबतीला खोलीच्या दारातच बसवून ठेवलं. नेस्तोर बंदूक खाली ठेवून आला आणि मान खाली घालून चित्र काढत बसला. कागद हातात घेतला आणि दिविना पांढरीफटक पडली. पाठमोरी बाई. काखेत छत्री, खांद्यावर पट्ट्याची पर्स, केसांना मोठी पिन. सगळं हिचंच.

"ही मी आहे?"

"हो, मॅम."

"तुम्ही... माझा पाठलाग करता?"

नेस्तोर ताडकन उभा राहिला. "नाही हो मॅम, पोरांची शपथ! माणूस काढा म्हणालात. माझा जन्म फाटकावर गेला, आत जाणाऱ्यांच्या पाठीच बघितल्या. आणि तुम्ही तर मला बघितलं की गल्लीत वळता. तुमचं तोंड कुठून काढू?" त्यानं हात जोडले. "काही चुकलं असेल तर सांगा, पण काढू नका मला. या वयात दुसरं फाटक कोण देणार?"

तेव्हा मी त्याच्या पायांकडे पाहिलं. बोलता बोलता ते मागे सरकत भिंतीला टेकले होते. हा माणूस हिच्यापेक्षाही जास्त घाबरला होता, आणि इतके दिवस घाबरूनच "गुड मॉर्निंग" म्हणत होता.

दिविनानं गुण मांडले आणि खाली चक्क शाईनं लिहिलं, 'चित्रावरून मत देण्याची पात्रता माझ्याकडे नाही.'

गुरुवारी डॉक्टर मॅडम भडकल्या. "हे काय लिहून ठेवलंयस? मग मी सह्या कशावर करायच्या?"

"तेच मला विचारायचं होतं, मॅम," दिविना म्हणाली. टेबलाची कड तिनं घट्ट धरली होती. आता परवाना जातो, असंच तिला वाटत होतं.

डॉक्टर मॅडमनी उघडलेलं पेन बंद केलं. मग त्यांनी नेस्तोरला वर बोलावलं आणि पहिल्यांदाच समोर बसवून त्याच्याशी बोलल्या. तो नोकरीवर राहिला.

त्या दिवशी आम्ही दोघी पुढच्या फाटकानं बाहेर पडलो. दिविना थांबली, नेस्तोरकडे नीट बघून, थोरल्या भावाला हाक मारावी तसं, "येते हं, कुया" म्हणाली. त्याला काय आनंद झाला! मलाही बरं वाटलं. म्हटलं, संपलं एकदाचं.

जीपनी गाडीच्या रांगेत तिनं माझा दंड धरला.

"लिगाया, याला विचारलं म्हणून कळलं गं. ज्यांना मी विचारलंच नाही, दोन शब्द लिहून परत पाठवलं, ते किती असतील?"

त्या सगळ्यांची नावं दाराशी मीच लिहून घेतली होती. मी तिचा हात हातात घेतला.