दादूमामा आणि इंजेक्शनची गाडी

ई-मेलवरच्या मंडळींनो, आज गाडी ठरली!

एकाच गाडीची दोन मॉडेलं होती. जुनं कार्ब्युरेटरचं, नवं इंजेक्शनचं, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवणारं. सल्ल्याला कुपवाडचे आमचे मिस्त्री दादूमामा साताऱ्याला आले. नुसत्या आवाजावर कार्ब्युरेटर सेट करणारा माणूस.

दोन्ही गाड्या यवतेश्वरच्या घाटात चालवल्या. जुनी छान चढली. नवी तर उडालीच!

वर पोचल्यावर मामांनी नवीचं बॉनेट उघडलं. स्क्रू ड्रायव्हर कुठे लावायचा ते त्यांना सापडेना.

"जुनीच घेऊ का, मामा? ती तुम्हाला दुरुस्त करता येते."

"येडा हायस का रं? हीच घे. लय पळती."

"आणि बिघडली तर?"

"तवर शिकतो की मी."

मामा साठीचे आहेत. तुम्ही कोणती घेतली असती?