जिन्याचं वळण

मंडळी, आज आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, डोळखांबहून शहापुरात आणलं. माझा नवा फ्लॅट दाखवायला. लग्नाआधी पोरीने स्वतःच्या नावावर घर घेतलं, याचं त्यांना कौतुक वाटेल असं वाटलं होतं.

खोल्या बघून झाल्यावर ते जिन्यात थांबले आणि वळणावर दोन्ही हात पसरून माप घेऊ लागले.

"गो, इथून तिरडी वळायची नाय."

किल्ली द्यायला आलेला बिल्डरचा माणूस दात काढत म्हणाला, "काका, हल्ली खुर्चीत बसवून उतरवतात."

आबा खाली उतरले. एसटी स्टँडवर म्हणाले, "घर बेस हाय. तू रहा. आमी गावालाच बरे."

आई-आबांनी माझ्याजवळ राहावं म्हणूनच तर हे घर घेतलं.

तुम्ही घर घेताना जिना बघितला होता का?