जादाची बांगडी

देवीवर माझा विश्वास नव्हता असं नाही, पण त्या दिवसांत मी तिच्याशी भांडलेच होते. नांदेडच्या डॉक्टरांनी आमच्या मालकांच्या लिव्हरमध्ये कर्करोगाची गाठ असल्याचं सांगितलं आणि पुढचं एकच वाक्य माझ्या कानात राहिलं, "ही गाठ कापून काढता येणार नाही." त्यानंतरही ते बरंच काही समजावत होते, मला ऐकूच आलं नाही. आमच्याकडे ऑपरेशन होत नाही म्हटलं, की डॉक्टरांनी हात टेकले असंच धरून चालतात. मीही तेच धरलं आणि यांना घरी घेऊन आले.

मग सुरू झाली हळद. आखाडा बाळापूरजवळ आमचं गाव; शेतात हळद, घरात हळद. जो तो सांगे, हळदीनं सगळं झडून जातं. मी सकाळ-संध्याकाळ पेला भरून काढा द्यायची, त्यात देवीच्या पायावरच्या हळदीची चिमूट, म्हणजे औषधाला तिचाही हात लागला. हे तोंड वेडंवाकडं करून पीत. एकदा म्हणाले, "काहून गं, मला हळदीसारखं शिजवून राहिली का?" मला हसू आलं नाही. त्यांचं अन्न तुटत चाललं होतं, आणि मी देवीला रोज बजावत होते, याच काढ्यानं गुण दे म्हणून.

एका मंगळवारी देवीची ओटी भरायची म्हणून बाजारात हिरव्या बांगड्या घ्यायला गेले. बांगड्यावाली वयस्क मुसलमान बाई, माझ्या ओळखीची नव्हती. देवीच्या बांगड्या बांधून दिल्यावर तिनं माझं मनगट धरलं. हातात दोनच उरल्या होत्या, त्यातली एक चिरलेली. "देवीला नव्या, आन तुमच्या हातात ह्या काहून?" काय सांगणार? नव्या भरायला माझं मनच धजत नव्हतं. भरल्या आणि फोडायची वेळ आली तर? हे मी कुणापाशी बोलले नव्हते. तिच्यापुढे मात्र रडू फुटलं आणि सगळं सांगून मोकळी झाले.

तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाई, कापता येत न्हाई म्हनले, का इलाज न्हाई म्हनले?"

"कापता येत न्हाई म्हनले."

"मग इलाज न्हाई असं कोन म्हनलं?"

तसं कुणीच म्हटलं नव्हतं, माझं मीच ठरवून टाकलं होतं. "पुन्हा जाऊन बराबर इचारा," असं म्हणत तिनं माझे दोन्ही हात भरले. शेवटी एक बांगडी जादा चढवली. "ही माझ्याकडून. अल्ला भलं करंल."

त्या दिवशी ओटी भरताना मी देवीला काही बजावलं नाही. आई, आता तू नेशील तिकडे, एवढंच म्हटलं.

डॉक्टरांनी न रागावता पुन्हा सगळं सांगितलं. जुन्या काविळीनं यांचं लिव्हर आधीच खराब झालेलं. त्यातला भाग कापला तर उरलेल्याला झेपणार नाही. पण मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी नेऊन औषध थेट गाठीत सोडता येतं, तिचा रक्तपुरवठा तोडता येतो. गाठ आकसली तर सुईनं जाळता येते. कुणाला लिव्हर बदलावं लागतं, कुणाला गोळ्या चालतात. ज्याचं त्याचं तपासूनच ठरतं. काढ्याचं ऐकल्यावर मात्र त्यांनी हातच जोडले, "भाजीत घाला चिमूटभर. काढा बंद." यांना तर तिथंच देव भेटला.

नळीतून औषध दोनदा दिलं, मग गाठ जाळली. ताप आला, पोट दुखलं, अशक्तपणा फार आला. रोग कायमचा गेला असं डॉक्टर अजूनही म्हणत नाहीत. दर काही महिन्यांनी स्कॅन असतो. पण आज हे शेतावर जाऊन येतात, भाकरी मागून खातात, माझ्यावर खेकसतात. त्या खेकसण्याचंसुद्धा मला कौतुक वाटतं.

बांगड्यावालीला सांगायला गेले तर तिला आठवेचना. "मी म्हनले व्हय असं?" म्हणून हसली. तिच्या तोंडून देवीच बोलली असं मला वाटतं. कुणाला पटो न पटो. मी देवीला कंपाउंडर करून ठेवलं होतं, औषध मी ठरवायचं आणि तिनं फक्त द्यायचं. आता मागणं तेच आहे, पण कसं द्यायचं ते मी सांगत नाही. प्रत्येक स्कॅनच्या आधी मी त्या बांगड्यावालीपुढे जाऊन बसते, नव्या बांगड्या भरून घेते, आणि ती शेवटची जादाची चढवेपर्यंत हात मागे घेत नाही.